शीट-ग्रिपरचा पेटंट अर्ज नाकारला: अपिलात नेमकं काय मांडायचं?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याजवळचं एक वर्कशॉप ऑफसेट मशिनचे सुटे भाग बनवतं. त्यांनी शीट-ग्रिपरमधल्या (छपाई मशिनमध्ये कागदाची शीट कडेला पकडून पुढे नेणाऱ्या बोटांमधल्या) सुधारणेसाठी मुंबई पेटंट ऑफिसात अर्ज केला होता. ग्रिपरच्या प्रत्येक बोटाला स्वतंत्र स्प्रिंग आहे. बोटाखालची पॅड गोलसर बैठकीवर बसलेली असून थोडी कलू शकते. ग्रिपर उघडला की पॅड एका स्टॉपरला टेकून ठरलेल्या कोनात परत येते. कंट्रोलरने, म्हणजे पेटंट ऑफिसातल्या निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने, दोन जुनी पेटंटं समोर ठेवून कलम १५ खाली अर्ज नाकारला. डी-१ जर्मन आहे, त्यात स्वतंत्र स्प्रिंगची बोटं आहेत. डी-२ अमेरिकी आहे, त्यात डिलिव्हरीच्या, म्हणजे छापलेली शीट बाहेर नेणाऱ्या, ग्रिपरवर रबरावर बसवलेली, दोन्ही बाजूंना कलणारी पॅड आहे. हिअरिंगनंतर अर्जदाराने लेखी निवेदनासोबत स्टॉपर क्लेम १ मध्ये (संरक्षण नेमकं कशाला हवं ते सांगणाऱ्या पहिल्या कलमात) घेतला होता, पण आदेशात त्याचा उल्लेखच नाही. आदेशात डी-१ आणि डी-२ चं वर्णन आहे आणि शेवटी दोन्ही एकत्र करणं उघड आहे, एवढं एकच वाक्य. अपील करावं का, आणि त्यात काय मांडावं?

उत्तर: सगळ्यात आधी आदेशावरची तारीख बघा. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ११७ए खाली अपिलाची मुदत तीन महिन्यांची आहे आणि ती आदेशाच्या तारखेपासून मोजतात. ईमेल कधी उघडला, एजंटने कधी कळवलं, याला मोजणीत जागा नाही. उशीर झाला तर उच्च न्यायालय तो माफ करू शकतं, पण त्यासाठी वेगळा अर्ज आणि पटेल असं कारण लागतं. "एजंट बदलत होतो" हे कारण फार पुढे जात नाही.

अपील कुठे करायचं? ४ एप्रिल २०२१ पासून बौद्धिक संपदा अपील मंडळ राहिलेलं नाही, त्यामुळे अपील थेट उच्च न्यायालयात जातं. इथे एक फसगत हमखास होते. मुंबई ऑफिसचे अर्ज हल्ली दिल्लीत किंवा कोलकात्यात बसलेला कंट्रोलरही तपासतो आणि आदेशाखाली त्याची सही असते. ते पाहून काही जण दिल्लीला धावतात. पण कंट्रोलर कुठे बसला होता याला महत्त्व नाही, अर्जाचं योग्य कार्यालय कोणतं ते बघायचं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये डॉ. रेड्डीज प्रकरणात हे स्पष्ट केलं. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदाराचं कार्यालय मुंबई, म्हणून तुमचं अपील मुंबई उच्च न्यायालयात.

आता मुद्द्याचं. अपिलाचा पहिला मसुदा बहुतेक वेळा "आमच्या ग्रिपरने मशिन चांगलं चालतं, रजिस्टर (रंगावर रंग नेमका बसणं) हलत नाही, गिऱ्हाईक खूश आहे" असाच असतो. हे सगळं खरं असेल, पण न्यायालयासमोर मशिन नसतं, क्लेम १ मधली वाक्यं असतात. त्या वाक्यांतला कोणता भाग डी-१ मध्ये नाही, कोणता डी-२ मध्ये नाही, आणि दोन्ही एकत्र केले तरी कोणता उरतो, हे दाखवता आलं तर अपील उभं राहतं. तुमच्याकडे असा भाग आहे, तो म्हणजे स्टॉपर. फक्त तो "एक जादा भाग" म्हणून मांडलात तर हराल. तो काय काम करतो आणि त्याच्याशिवाय बाकीचे दोन भाग एकत्र का नांदू शकत नाहीत, हे मांडावं लागेल.

त्यासाठी ग्रिपर मिटतो तो क्षण जवळून बघू. छपाईवाल्याला हे रोजचं आहे, पण न्यायाधीशांना आणि कित्येकदा आपल्याच वकिलांना ते माहीत नसतं, म्हणून अपिलात ते दोन परिच्छेदांत सोप्या भाषेत यायलाच हवं.

फीड बोर्डवरून आलेली शीट फ्रंट लेला, म्हणजे पुढच्या अटकावाला, टेकते, साइड ले तिला बाजूने लावते, मग स्विंग ग्रिपर तिला पुढच्या कडेला धरून सिलिंडरच्या ग्रिपरच्या हवाली करतो. ताशी १८,००० शीटच्या वेगाला सेकंदाला पाच शीट होतात. एका फेरीत एकच शीट नेणारा सिलिंडर असेल तर तो सेकंदाला पाच फेऱ्या, म्हणजे १,८०० अंश फिरतो. देणारा आणि घेणारा असे दोन्ही ग्रिपर शीट एकाच वेळी धरून असतात तो टप्पा १० अंशांचा धरला, तर वेळ मिळतो साधारण साडेपाच मिलिसेकंद. तेवढ्यात बोट मिटून पकड पक्की व्हायला हवी, आणि पहिल्या ग्रिपरने सोडताना शीट केसभरही सरकता कामा नये. सरकली की पुढच्या रंगाचा ठिपका आधीच्या ठिपक्यावर बसत नाही.

बोट शाफ्टभोवती फिरत मिटतं, म्हणजे त्याचं टोक सरळ खाली येत नाही, कमानीत येतं. शाफ्टच्या मध्यापासून टोक ३० मिमी लांब धरा. ०.०६ मिमीचा पातळ कागद काढून ०.५६ मिमीचा बोर्ड लावला, तर बोट अर्धा मिमी आधीच थांबतं आणि मिटण्याचा कोन जवळजवळ एक अंशाने बदलतो. पकडीचा पृष्ठभाग ८ मिमी लांब असेल तर एका टोकाला ०.१३ मिमीची फट राहते. ७० जीएसएमचा कागद त्या फटीत सहज मावेल! म्हणजे पॅड घट्ट बसवलेली असेल तर एका जाडीला बोट पूर्ण टेकतं आणि दुसऱ्या जाडीला फक्त टाचेवर किंवा टोकावर. मग मोठ्या सॉलिडच्या, म्हणजे सलग रंगाच्या, जॉबला चिकट शाई ब्लँकेटवर (कागदावर शाई उतरवणाऱ्या रबरी पृष्ठभागावर) शीट ओढून धरते आणि शीट निसटते. स्प्रिंग कडक केली की पातळ कागदावर बोटांचे वळ उमटतात. म्हणून मोठ्या मशिनवर पॅडची उंची बदलायची सोय असते. पण ती उंची बदलते, कोन तसाच राहतो.

तुमची कलणारी पॅड हा कोन जुळवून घेते. इथपर्यंतचं सगळं डी-२ मध्येही आहे, हे अपिलात मान्य करून टाका. नाकारण्यात काही मिळत नाही आणि विश्वास मात्र जातो. "डी-२ वेगळ्या क्षेत्रातलं आहे" हा मुद्दाही सोडून द्या. छपाई मशिनमधले ग्रिपर आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बी४१एफ २१/०४ मध्ये येतात आणि साखळीवरून शीट बाहेर नेणारे डिलिव्हरीचे ग्रिपर बी६५एच २९/०४ मध्ये. वर्ग दोन असले तरी शीट वाहून नेणारी यंत्रणा आखणारा डिझायनर दोन्हीकडे बघतो. कायद्यातली "त्या कलेत कसबी व्यक्ती" म्हणजे हाच डिझायनर, मशिनवरचा हेल्पर नव्हे.

फरक क्षेत्रात नाही, कामात आहे. डिलिव्हरीच्या ग्रिपरकडे शीट येते तेव्हा त्या मशिनवरची छपाई संपलेली असते. तिथे शीट अर्धा मिमी इकडेतिकडे धरली गेली तरी पुढे जॉगर तिला चळतीत सारखी करतो. त्यामुळे डी-२ मधली पॅड उघड्या अवस्थेत कोणत्या कोनात राहते याची डी-२ ला फिकीर नाही. रबरावर ती कशीही कलंडलेली राहू शकते. हीच पॅड उचलून डी-१ च्या स्विंग ग्रिपरमध्ये बसवा. आता उघड्या ग्रिपरमध्ये पॅडची मागची कड, म्हणजे येणाऱ्या शीटकडची कड, थोडी वर राहिली तर शीटची पुढची कड तिच्यावर आपटते. शीट उचलली जाते, दुमडते किंवा फ्रंट लेपासून मागे उडते. म्हणजे डी-१ आणि डी-२ नुसते जोडले तर पकड सुधारते आणि रजिस्टर बिघडतं. ज्या जागी रजिस्टर हेच सर्वस्व आहे, तिथे कसबी डिझायनर ही जोडणी करायला धजणार नाही. तुमचा स्टॉपर हीच अडचण सोडवतो: मिटताना पॅड मोकळी, उघडताना ठरलेल्या कोनात, आणि मागची कड शीटच्या पातळीच्या खालीच.

अपिलाचा गाभा एवढाच आहे. बाकी सगळं त्याला टेकू देण्यासाठी.

कायद्याकडे येऊ. कलम २(१)(जेए) नुसार कल्पक पाऊल ठरायला दोन गोष्टी लागतात: आधीच्या ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही, आणि त्यामुळे शोध कसबी व्यक्तीला उघड नसणं. पुष्कळ जण "आर्थिक महत्त्व" या शब्दांवर उडी मारून विक्रीचे आकडे जोडतात. पहिली अट त्याने भागेल, दुसरी तशीच राहते.

यांत्रिक शोधांच्या बाबतीत बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर १९७८ चा निकाल तुमच्याविरुद्ध निघणारच, तेव्हा आधी स्वतःच वाचून ठेवा. गंमत म्हणजे तोही पकडीचाच खटला आहे. मिर्झापूरची भांडी लेथवर घासताना ती कशी धरून ठेवायची, या साधनाचं १९५१ चं पेटंट होतं. न्यायालयाने ते टिकू दिलं नाही. कितीतरी दशकं माहीत असलेली युक्ती किंचित फरकाने वापरली आहे, ही वर्कशॉपमधली सुधारणा आहे, शोध नाही, असं म्हटलं. पण त्याच निकालात कसोटीही दिली आहे: जुना दस्तऐवज एखाद्या जाणत्या कारागिराच्या हातात दिला, त्याच्यासमोर तीच अडचण आहे पण नवा शोध त्याला माहीत नाही, तर तो म्हणेल का की "मला हवं होतं ते यात आहे"? तुमचा कारागीर डी-२ हातात घेऊन तसं म्हणणार नाही, कारण त्याच्या अडचणीचा अर्धा भाग, म्हणजे उघड्या ग्रिपरमधल्या पॅडचा कोन, डी-२ मध्ये अडचण म्हणूनसुद्धा दिसत नाही. म्हणजे हा निकाल टाळायची गरज नाही. त्यातली कसोटीच तुमची बाजू भक्कम करते.

त्याला जोड म्हणून तीन निकाल पुरतात. हॉफमन-ला रोश विरुद्ध सिप्ला, दिल्ली खंडपीठ, २०१५, यात पायऱ्या घालून दिल्या आहेत: कसबी व्यक्ती कोण, शोधाचं मर्म काय, त्या तारखेला सर्वसाधारण ज्ञान किती, फरक कोणता, आणि तो फरक उघड होता का. ॲग्रीबोर्ड विरुद्ध डेप्युटी कंट्रोलर, दिल्ली, मार्च २०२२, तुमच्यासाठी सगळ्यात कामाचा. कल्पक पाऊल नाही म्हणून अर्ज नाकारायचा तर कंट्रोलरने तीन गोष्टींचा विचार केलाच पाहिजे, असं त्यात सांगितलं: प्रायर आर्टमध्ये (आधीपासून जाहीर असलेल्या तंत्रात) काय उघड झालं, अर्जात काय उघड झालं, आणि कसबी व्यक्तीला एकातून दुसरं कोणत्या रीतीने उघड झालं असतं. तिसरा, एव्हरी डेनिसन विरुद्ध कंट्रोलर, दिल्ली, नोव्हेंबर २०२२. साध्या दिसणाऱ्या बदलाला केवळ साधा म्हणून हिणवू नये, आणि जुना प्रायर आर्ट वर्षानुवर्षं समोर असूनही कोणी तो बदल केला नसेल तर तेही जमेस धरावं, हे त्यात आहे. डी-१ तुमच्या अर्जापेक्षा दोन-तीन दशकं जुना असेल तर हे वाक्य जरूर वापरा. दिल्लीचे निकाल मुंबईवर बंधनकारक नाहीत, पण पेटंट अपिलांत ते आदराने वाचले जातात.

आता तुमचा आदेश. प्रश्नात दिलेल्या वर्णनावरून त्यात डी-१ चे परिच्छेद, डी-२ चे परिच्छेद, आणि शेवटी "दोन्ही एकत्र करणं कसबी व्यक्तीला उघड आहे" असं एक वाक्य आहे. ॲग्रीबोर्डमधली तिसरी गोष्ट गायब आहे. हा पहिला दोष. दुसरा त्याहून मोठा: हिअरिंगनंतर दिलेले सुधारित क्लेम पाहिलेच नाहीत. पेटंट नियम २८(७) प्रमाणे लेखी निवेदन हिअरिंगपासून १५ दिवसांत द्यायचं असतं. तुम्ही ते वेळेत दिल्याची पोर्टलवरची पावती अपिलाला जोडा. ती पावती या फाइलीतला सगळ्यात मौल्यवान कागद आहे. निवेदन सोळाव्या दिवशी गेलं असेल आणि मुदतवाढही मागितलेली नसेल, तर हा मुद्दा जवळपास मेला.

सुधारणा कलम ५९ मध्ये बसते हे एका परिच्छेदात दाखवा, कारण "बघितले असते तरी चालले नसते" असं उत्तर समोरून येईल. कलम ५९ च्या अटी अशा: दुरुस्ती ही मर्यादा घालणं, चूक सुधारणं किंवा स्पष्टीकरण या स्वरूपाची हवी, नवा क्लेम जुन्या क्लेमच्या कक्षेतच राहिला पाहिजे, आणि स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातल्या शोधाच्या सविस्तर वर्णनात) नव्हतं ते आत येता कामा नये. स्टॉपर मूळ क्लेम ४ मध्ये असेल आणि तो क्लेम १ मध्ये आणला असेल तर काम सोपं आहे, क्लेम अरुंदच झाला. स्टॉपर फक्त आकृतीत एक रेघ म्हणून असेल आणि वर्णनात एक शब्दही नसेल, तर मात्र अडचण आहे. आकृतीतून भाग दिसतो, पण तो "ठरलेल्या कोनात परत आणतो" हे काम आकृतीतून सिद्ध करणं जड जातं.

कलम ३(एफ) चा आक्षेपही आदेशात असेल तर त्याला वेगळं उत्तर द्या. ज्ञात साधनांची नुसती मांडणी, जिथे प्रत्येक भाग दुसऱ्यावर न अवलंबता आपलं जुनंच काम करतो, तिथे हे कलम लागतं. तुमच्या ग्रिपरमध्ये पॅडचं कलणं स्प्रिंगच्या जोरावर ठरतं आणि स्टॉपर नसेल तर कलणं घातक होतं. एकाचं काम दुसऱ्यावर अवलंबून आहे, एवढं दाखवलं की पुरे.

अपिलाऐवजी पुनर्विलोकन हाही रस्ता आहे. कलम ७७(१)(एफ) आणि नियम १३० खाली फॉर्म २४ भरून, आदेश कळवल्यापासून एका महिन्यात अर्ज करता येतो, मुदत वाढवूनही मिळू शकते. सुधारित क्लेम नजरेतून सुटणं ही वरवर दिसणारी चूक आहे, म्हणजे पुनर्विलोकनाला साजेशीच. खर्चही कमी. पण त्या काळात अपिलाचं घड्याळ थांबत नाही. म्हणून पुनर्विलोकन करायचं असेल तर पहिल्याच महिन्यात करा आणि अपिलाचा मसुदा तयार ठेवा. शिवाय पुनर्विलोकन त्याच कार्यालयाकडे जातं. "उघड आहे" हा निष्कर्ष तिथे बदलून मिळेल अशी फार आशा धरू नका.

अपिलात यश मिळालं तरी बहुतेक वेळा न्यायालय स्वतः पेटंट देत नाही. आदेश रद्द करून प्रकरण दुसऱ्या कंट्रोलरकडे नव्याने ऐकायला पाठवतं आणि ठरावीक मुदतीत निर्णय द्यायला सांगतं. म्हणून मागण्यांत दोन्ही लिहा: मुख्य मागणी पेटंट मंजूर करण्याची, पर्यायी मागणी सुधारित क्लेमवर फेरसुनावणीची. फेरसुनावणीत नवा दस्तऐवज, म्हणजे डी-३, येऊ शकतो, त्याची तयारी आतापासून करा. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या एस्पासनेट आणि जर्मन कार्यालयाच्या डेपाटिसनेट या शोध-संकेतस्थळांवर बी४१एफ २१/०४ आणि २१/०५ स्वतः चाळून घ्या. तुमच्या स्टॉपरसारखं काही आधीच असेल तर ते अपिलाच्या खर्चाआधी कळलेलं बरं.

नवीन पुरावा अपिलात घुसवता येईल का? सहसा नाही. कंट्रोलरसमोर जे होतं त्यावरच अपील चालतं, आणि जादा पुराव्याला न्यायालयाची खास परवानगी लागते. पण प्रकरण परत गेलं तर शपथपत्र देता येतं, आणि तेव्हा आकडे हवेत. चाचणी अशी घ्या: एकच मशिन, एकच शाई, तीन जाडीचे कागद. प्रत्येक बोटाखाली पातळ कागदाची पट्टी धरून स्प्रिंग बॅलन्सने ओढा आणि कोणत्या ओढीला पट्टी सुटते ते नोंदवा. हीच चाचणी घट्ट पॅड, स्टॉपर नसलेली कलणारी पॅड, आणि तुमची पॅड अशा तिन्ही रचनांवर. मग प्रत्येकी शंभर शीट चालवून रजिस्टर मार्कांमधला फरक भिंगाखाली मोजा. मधली रचना, म्हणजे डी-१ अधिक डी-२, हीच खरी परीक्षा. तिच्यात पकड चांगली पण रजिस्टर वाईट आलं, तर तुमचा सगळा युक्तिवाद आकड्यांत उभा राहतो. तसं आलं नाही, तर तेही वकिलांना वेळेत सांगा.

चाचणी घेताना पॅडवर साचलेली पावडर पुसायला आणि सगळी बोटं सारख्या दाबाला लावायला विसरू नका. मधल्या बोटापासून दोन्ही टोकांकडे सेटिंग करत जायचं. एक बोट ढिलं राहिलं की त्या बाजूचं रजिस्टर हलतं आणि दोष रचनेच्या माथी बसतो. शाफ्ट एकाच बाजूने फिरवला जात असेल तर तो पिळतो आणि लांबच्या टोकाची बोटं किंचित उशिरा मिटतात, म्हणून मोजमाप दोन्ही टोकांना घ्यायचं.

डी-१ जर्मन असल्याने त्याचं भाषांतर तपासा. यंत्राने केलेल्या भाषांतरात मोठे घोळ होतात. जर्मनमध्ये "आउफ्लागे" म्हणजे टेकण्याचा आधार, आणि छपाईत त्याच शब्दाचा अर्थ आवृत्ती किंवा प्रतींची संख्या. त्यामुळे ग्रिपरची पॅड भाषांतरात "ग्रिपर आवृत्ती" होऊन बसते. "बोगेन" म्हणजे कागदाची शीट आणि कमानही. "शीटला टेकणारा" या वाक्याचं "कमानीला टेकणारा" झालं, की डी-१ मध्ये गोलसर बैठक आहे असा भास होतो. आदेशातला एखादा निष्कर्ष अशा वाक्यावर टेकलेला असेल तर ते वाक्य जर्मन जाणणाऱ्या भाषांतरकाराकडून प्रमाणित करून घ्या आणि दोन्ही भाषांतरं शेजारी शेजारी लावा. आदेशाने डी-१ च्या आकृतीवरून मापं काढली असतील, जसं "पॅड सुमारे दोन अंश कललेली दिसते", तर त्यालाही हरकत घ्या. पेटंटच्या आकृत्या प्रमाणात काढलेल्या असतातच असं नाही. वर्णनात कोन सांगितला नसेल तर आकृतीवर कोनमापक ठेवून तो काढता येत नाही.

एक नाजूक गोष्ट. अर्जाच्या तारखेआधी हा ग्रिपर कुठल्या प्रेसवर लावला होता का? कलम ३२ वाजवी चाचणीसाठी केलेल्या उघड वापराला संरक्षण देतं, पण अर्जाच्या आधीच्या एका वर्षापुरतंच, आणि शोधाच्या स्वरूपामुळे अशी उघड चाचणी गरजेची असली तरच. बिलावर "विक्री" लिहिलं असेल तर ती चाचणी राहत नाही. चाचणीचं शपथपत्र करताना तारखा नीट तपासा. खोटी तारीख तर नकोच, पण निष्काळजीपणे लिहिलेली खरी तारीखही तुमच्याच अंगावर येऊ शकते, विशेषतः पुढे कोणी कलम २५ खाली विरोध दाखल केला तर.

फाइलीत काय लागतं ते सांगतो: आदेशाची प्रमाणित प्रत, पहिला तपासणी अहवाल, त्याला दिलेलं उत्तर, हिअरिंगची नोटीस, लेखी निवेदन आणि पावती, मूळ व सुधारित क्लेम (बदल अधोरेखित करून), आकृत्यांसह पूर्ण स्पेसिफिकेशन, डी-१ व डी-२ भाषांतरासह, आणि तारखांची यादी. प्रतिवादी कंट्रोलर. यासोबत एका पानावर तीन अवस्थांच्या आकृत्या जोडीजोडीने काढून घ्या: ग्रिपर उघडा, पातळ कागदावर मिटलेला, बोर्डावर मिटलेला. डावीकडे डी-१ मध्ये डी-२ ची पॅड बसवलेली, उजवीकडे तुमची. डाव्या वरच्या आकृतीत शीटची कड पॅडवर आपटताना दिसली पाहिजे. स्पेसिफिकेशनमध्ये नाही असं काहीही त्या पानावर काढू नका.

पैशाचा हिशेबही मांडा. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. अपिलात गेलेली वर्षं परत मिळत नाहीत. अर्ज प्रकाशित झालेला आहे, त्यामुळे रचना लोकांसमोर आहे आणि गुपित म्हणून जपायला काही उरलेलं नाही. पेटंट उशिरा मिळालं तर मधल्या वर्षांच्या नूतनीकरणाची साठलेली फी एकदम भरावी लागते. छोट्या सुधारणांसाठी जर्मनीत असतं तसं "युटिलिटी मॉडेल" भारतात नाही, आणि डिझाइन नोंदणी दिसणाऱ्या रूपाला मिळते, कामाला नाही. विभागीय अर्जाचा (मूळ अर्जातून वेगळा काढलेल्या अर्जाचा) रस्ता मूळ अर्ज प्रलंबित असतानाच घ्यायचा असतो. हा ग्रिपर पुढची आठ-दहा वर्षं विकला जाईल आणि नक्कल करणारे समोर दिसत असतील, तर अपील करण्यात अर्थ आहे. तुमच्या बाबतीत पावती वेळेतली असेल आणि स्टॉपर मूळ क्लेममध्ये किंवा वर्णनात असेल, तर माझं मत अपिलाच्या बाजूने. या दोन्हींपैकी एक जरी नसेल, तर आधी पुनर्विलोकनाचा अर्ज तयार करा आणि वकिलांना तो आणि हा आदेश एकत्र दाखवा.